मराठी सबटायटल आपोआप काढताना एका कॅप्शनची लांबी किती ठेवता?

कातरवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर मी आईच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करते आहे. सुरुवात हौसेने झाली, पण आता कारण वेगळं आहे. बाबांना दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येईनासं झालंय. मशीन लावतात, पण कढईचा आवाज, एक्झॉस्ट फॅन आणि आईचं बोलणं त्यांच्या कानात एकत्र कालवतं. म्हणून प्रत्येक व्हिडिओला मराठी सबटायटल टाकायचं ठरवलं. हाताने टाइप करून वेळा लावणं नोकरी सांभाळून जमत नाही, त्यामुळे व्हिस्परवर (बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल) चालणारी साधनं वापरते आणि तयार झालेली एसआरटी फाइल (कॅप्शन आणि त्यांच्या वेळा असलेली साधी फाइल) दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत आणून टाइमलाइनवर ठेवते.

शब्द बऱ्यापैकी बरोबर येतात. गाडं अडतंय ते लांबीवर. काहीच सेटिंग न करता काढलं तर आईचं अख्खं वाक्य एका कॅप्शनमध्ये येतं, नऊ-दहा सेकंद तसंच राहतं, आणि खालची अर्धी कढई झाकून टाकतं. जिथे तिथे वाचलं की एका ओळीत ४२ कॅरॅक्टर ठेवा. ठेवले. एका साधनाने हे दिलं:

आता ही पानं देठं सोलून बारीक चिरून घ्यायची

दुसऱ्या साधनात तोच ऑडिओ, तोच ४२ चा आकडा. त्याने हे दिलं:

आता ही पानं देठं

बस, एवढंच. "सोलून" पुढच्या कॅप्शनला. आकडा एकच असून एकदा आठ शब्द आणि एकदा चार शब्द, हे कसं? आणि मराठीसाठी नेमका आकडा कोणता धरायचा?

एक प्रसंग सांगते, म्हणजे मी एवढी का मागे लागले आहे ते कळेल. मागच्या महिन्यात वांग्याच्या भाजीचा व्हिडिओ केला. आई म्हणते, "आता यात पाणी घालायचं नाही, ते झाकणावर ठेवायचं." यंत्राने पहिलं कॅप्शन तोडलं "आता यात पाणी" इथे. बाबा ओट्यावर मोबाइल टेकवून व्हिडिओ बघत स्वतः भाजी करत होते. त्यांनी "आता यात पाणी" वाचलं, मान वळवली आणि कढईत भांडंभर पाणी ओतलं. वर बघेपर्यंत "घालायचं नाही" येऊन गेलं होतं.

दर्यावर्दी

मी मुंबईत एडिटिंग करतो, बहुतेक काम हिंदी आणि इंग्रजी. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये स्पीच टू टेक्स्ट (बोलण्याचा आपोआप मजकूर) २०२१ साली आलं, तेव्हापासून रोजचा संबंध आहे. तिथे ट्रान्सक्रिप्टवरून, म्हणजे बोलण्याच्या लिहून आलेल्या मजकुरावरून, कॅप्शन तयार करताना चार गोष्टी विचारतात: जास्तीत जास्त कॅरॅक्टर (आधीपासून ४२ असतात), कमीत कमी कालावधी (आधीपासून ३ सेकंद), दोन कॅप्शनमधलं अंतर फ्रेममध्ये (व्हिडिओतलं एकेक चित्र म्हणजे फ्रेम), आणि एक ओळ की दोन.

लोक फक्त पहिल्या आकड्याशी खेळतात. ४२ चे २० करतात, पण ३ सेकंद तसेच ठेवतात. माणूस तीन सेकंदांत पाच-सहा शब्द सहज बोलून जातो. मग कॅप्शन छोटंही हवं आणि तीन सेकंद टिकायलाही हवं, असे दोन हुकूम एकाच वेळी दिल्यावर पुढचं सगळं मागे पडत जातं किंवा लांबी हवी तशी कमी होत नाही. लांबी कमी करायची तर कालावधीही एक-दीड सेकंदापर्यंत खाली आणा. दोन्ही आकडे जोडीने हलवायचे.

आणि एक. हे आकडे कॅप्शन तयार होण्याच्या क्षणी लागू होतात. नंतर बदलायचे तर नव्याने तयार करावे लागतात, आणि तुम्ही कॅप्शनमध्ये हाताने केलेल्या दुरुस्त्या त्या नव्या संचात येत नाहीत. म्हणून शब्द आधी ट्रान्सक्रिप्टमध्येच सुधारून घ्यायचे आणि मगच कॅप्शन काढायची. हा क्रम मी एकदा चुकवला आणि एका माहितीपटाच्या चाळीस मिनिटांच्या दुरुस्त्या रात्री दोनपर्यंत पुन्हा केल्या.

रिझॉल्व्हमध्येही ऑडिओवरून सबटायटल काढायची सोय आहे, १८.५ पासून, पण ती पैसे भरलेल्या स्टुडिओ आवृत्तीतच. तिथेही ओळीतले कॅरॅक्टर, एक की दोन ओळी आणि मधलं अंतर, एवढंच विचारतात.

तुमच्या दोन साधनांतला फरक मात्र मला सांगता येणार नाही. इथे कुणीतरी टायपिंग-फाँटवालं असेल, त्यांना हाक मारा.

अनुस्वार

हाक पोचली. मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करतो, त्यामुळे हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे.

कातरवेळ, तुमची दोन्ही साधनं ४२ च मोजताहेत, पण वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत.

आपण "स्वातंत्र्य" वाचतो तेव्हा आपल्याला तीन अक्षरं दिसतात: स्वा, तं, त्र्य. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने ओळखतो त्यात, मात्र हा शब्द अकरा चिन्हांचा आहे. स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार, त, हलन्त, र, हलन्त, य. प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त स्वतंत्र मोजला जातो. आणि यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीने फाइल साठवली की देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणीचं छोटं माप) घेतं. म्हणजे तोच शब्द ३३ बाइटचा. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचं असतं, तिथे चिन्ह मोजा की बाइट मोजा, आकडा सारखाच येतो. त्यामुळे ज्यांनी साधन लिहिलं त्यांच्या हे लक्षातही येत नाही.

तुमचं वाक्य मी बसून मोजलं. "आता ही पानं देठं सोलून बारीक चिरून घ्यायची" यात ३५ चिन्हं आणि ७ मोकळ्या जागा, एकूण नेमके ४२. पहिलं साधन चिन्हं मोजतंय. आता "आता ही पानं देठं" बाइटमध्ये मोजा: ९, १, ६, १, १२, १, १२. बेरीज पुन्हा ४२! दुसरं साधन बाइट मोजतंय. आणि डोळ्याला दिसणारी अक्षरं म्हणाल तर त्या आख्ख्या वाक्यात १९ च आहेत, मोकळ्या जागा धरून २६.

बाइट मोजणाऱ्या साधनात ४२ ऐवजी १२० टाकून बघा, जवळपास पहिल्यासारखंच येईल. त्यात "शब्दावरच तोडा" असा पर्याय असेल तर तो न विसरता चालू करा. नाहीतर ते शब्दाच्या पोटात, कधी कधी एका अक्षराच्या तीन बाइटच्या मध्येच सुरी चालवतं आणि प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसतो.

कातरवेळ

अनुस्वार, मोजून दाखवलंत म्हणून डोक्यात प्रकाश पडला. दोन्हीकडे बरोबर ४२ भरलेत हे बघून मी आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "देठं एकीकडे आणि सोलणं दुसरीकडे, हे कसलं मोजणं?"

१२० करून बघितलं. आता दोन्ही साधनं सारखी तोडतात. काळे चौकोनही गेले, ते मी फाँटचा दोष समजत होते.

दर्यावर्दी

फाँटवरून आठवलं. प्रीमियरमध्ये जोडाक्षरं तुटून हलन्त दिसत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स उघडा आणि टेक्स्ट लेआउटचं इंजिन "साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न" करा. अनेक जण यापायी फाँट बदलत बसतात.

वेचक

+१ अनुस्वार.

माझं मत थोडं वेगळं आहे. आमचं साड्यांचं दुकान आहे, मी रील करतो. एका वेळी दोन शब्द, फार तर तीन, मोठ्ठे, मध्यभागी, बोलण्याबरोबर बदलणारे. लोक आवाज बंद ठेवून बघतात आणि शेवटपर्यंत थांबतात. ताईंनीही तसंच केलं तर लांबीचा प्रश्नच मिटेल की. व्हिस्परमध्ये शब्दागणिक वेळ काढायची सोय मार्च २०२३ मध्ये आली, ती चालू केली की प्रत्येक शब्दाची वेळ मिळते. एका ओळीत जास्तीत जास्त किती शब्द, असाही पर्याय आहे. तिथे २ टाका.

माळरान

वेचक, तुमच्या रीलसाठी ते बरोबर आहे, पण ऐकू न येणाऱ्या माणसासाठी ते फार त्रासाचं आहे. मी सोलापूर जिल्ह्यात कर्णबधिर मुलांना शिकवतो, सतरा वर्षं झाली. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ऐकू येणारा माणूस दोन-दोन शब्दांचं कॅप्शन बघतो तेव्हा तो खरं तर ऐकत असतो, किंवा नुसतं चित्र बघत असतो. शब्द हुकला तरी त्याचं बिघडत नाही. ज्याचा कान बंद आहे त्याला दोन कामं एकाच डोळ्याने करायची असतात: वाचायचंही आणि चित्रही बघायचं. कॅप्शन दर अर्ध्या सेकंदाला बदललं की नजर तिथेच खिळून राहते. आईंनी मसाला कुठल्या चमच्याने घातला ते बघायला वेळच उरत नाही. दोन ओळींचं कॅप्शन तीन-चार सेकंद राहिलं तर माणूस पटकन वाचतो आणि उरलेला वेळ कढईकडे बघतो.

मोठ्या कंपन्यांचे नियमही याच अंगाने आहेत. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी नियमांत ओळीला ४२, जास्तीत जास्त दोन ओळी, एक कॅप्शन ७ सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि सेकंदाच्या पाच-षष्ठांशापेक्षा कमी नाही, आणि दोन कॅप्शनमध्ये किमान दोन फ्रेम मोकळ्या. ही मोकळी जागा मला फार महत्त्वाची वाटते. मजकूर बदलला हे डोळ्याला तिथे कळतं. आणि ४२ हा काही शास्त्राने सिद्ध केलेला आकडा नव्हे. ब्रिटनमध्ये टेलिटेक्स्टच्या (टीव्हीवर मजकूर दाखवायची जुनी सोय) पडद्यावर एका ओळीत ४० घरं असायची, त्यातली काही रंग-पार्श्वभूमीच्या खुणांना जायची, म्हणून तिथे ३७ रूढ झाले. अमेरिकेतल्या जुन्या टीव्ही कॅप्शनला ३२ च घरं. ज्या यंत्रात जेवढं मावलं तेवढा नियम झाला, आणि सगळी मोजणी रोमन लिपीची.

आणखी एक फरक लक्षात घ्या. कातरवेळ यांच्या बाबांनी साठ वर्षं मराठी ऐकली आहे. ते वाचताना त्यांच्या मनात आईंचा आवाज उमटत असणार. माझ्या वर्गातल्या मुलांनी ती कधीच ऐकलेली नाही. त्यांची पहिली भाषा खुणांची, मराठी ती शाळेत येऊन शिकतात. त्यांच्यासाठी "चिरून घ्यायची" आणि "चिरून घ्यायला हवी" हे वेगळे डोंगर असतात. त्यांच्याकरता मी ओळही लहान ठेवतो आणि वेळही दीडपट देतो. तेव्हा आकडा ठरवण्याआधी समोर कोण वाचणार आहे ते ठरवा.

वेचक

माळरान सर, हा विचार मी कधी केलाच नव्हता. आमच्या दुकानात एक काकू येतात, त्यांना ऐकू येत नाही. त्या एकदा म्हणाल्या होत्या की तुमचे व्हिडिओ फार घाई करतात. मला वाटलं त्या कटबद्दल बोलताहेत. पुढच्या व्हिडिओला साडीचं वर्णन दोन ओळीत, सलग चार सेकंद ठेवून बघतो.

दर्यावर्दी

उभ्या व्हिडिओत एक अडचण राहतेच. आडव्या फ्रेमला १९२० पिक्सेल रुंदी मिळते, उभ्याला १०८०. अक्षर तेवढंच मोठं ठेवलं तर ओळीत निम्म्याच्या जरा वर मजकूर मावतो. शिवाय खालच्या पट्टीवर अ‍ॅपची बटणं आणि नाव येतं, त्यामुळे कॅप्शन वर सरकवावं लागतं. तिथे ओळीला १८ ते २२ चिन्हं आणि दोन ओळी, असं मी ठेवतो.

गोधडी

मी ओव्यांचं रेकॉर्डिंग करते, आमच्या भागातल्या आजींकडून. माझा अनुभव असा की ओवीला कुठलाही आकडा चालत नाही. यंत्र जिथे थांबतं तिथे ओवी थांबत नाही, आणि आजी श्वास घेते तिथे चरण संपलेला नसतो. मी यंत्राकडून फक्त शब्दांच्या वेळा घेते आणि चरण हाताने तोडते. एका व्हिडिओत अठरा-वीस ओव्या असतात, तासाभरात होतं.

गद्यातही माझा सगळा त्रास क्रियापदाचा असतो. आपलं क्रियापद शेवटी. "नाही" तर त्याच्याही मागे. इंग्रजीत नकार आधीच येऊन जातो, तिथे वाक्य मध्ये तुटलं तरी अर्थ उलटत नाही. कातरवेळ यांच्या बाबांनी पाणी ओतलं ते त्यांचं चुकलं नव्हतं. "आता यात पाणी" याचा दुसरा अर्थ कुणी काय घेणार?

अनुस्वार

गोधडी, अगदी मुद्द्याचं बोललात. पुस्तकात ओळ तुटली तरी पुढची ओळ खाली दिसत असते. कॅप्शनमध्ये ती अजून जन्मालाच आलेली नसते. म्हणून कॅप्शन तोडताना पुस्तकापेक्षा जास्त जपायला हवं.

मी तुमच्यासाठी आईंचे दोन-तीन तुकडे तोडून बघितले. "दोन वाट्या" मधला "दोन" वरच्या ओळीला राहू द्यायचा नाही. "चिमूटभर हिंग" एकत्र. "शिजवून घ्यायचे", "परतून टाकायचं", "भिजत घातलेत" या जोड्या फोडायच्या नाहीत, कारण "शिजवून" ला एकट्याला अर्थ नाही. "डाळीबरोबर", "तेलामध्ये" असे शब्द यंत्र कधी कधी "डाळी बरोबर" असे सुटे लिहितं आणि मग त्या फटीतच तोडतं. ते आधी जोडून घ्या. आणि वाक्यात "नाही", "नको", "नये" असेल तर ते ज्या गोष्टीला लागतं ती गोष्ट त्याच कॅप्शनमध्ये हवी, मग ओळ पाच-सात चिन्हांनी वाढली तरी वाढू द्या.

पहिलं वाक्य मी असं मांडेन:

आता ही पानं,
देठं सोलून, बारीक चिरून घ्यायची

पहिली ओळ आखूड आहे, असू दे. स्वल्पविराम मी घातलेत, यंत्राने दिले नव्हते. आईंनी तिथे आवाज किंचित टेकवला आहे, तोच स्वल्पविराम.

ता. क. यंत्र "हरभर्याची", "खोबर्याचे", "दुसर्या" असं लिहितं, रफार चढवून. हवं ते "हरभऱ्याची", "खोबऱ्याचे", "दुसऱ्या". फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून "र्या" शोधा, पण एकदम सगळीकडे बदलू नका. "मर्यादा", "आचार्या", "कार्यालय" बरोबरच आहेत. एकेक बघत बदला.

दर्यावर्दी

फुकटात करायचं तर सबटायटल एडिट वापरून बघा, विंडोजवर चालतं. त्यात ओळीची लांबी, सेकंदाला किती चिन्हं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त कालावधी हे सगळं आधी ठरवून ठेवता येतं, आणि जे कॅप्शन नियम मोडतं ते यादीत रंगाने उठून दिसतं. म्हणजे सगळी फाइल वाचायला नको, रंगलेल्या ओळींवरच हात फिरवायचा. लांब ओळी तोडणं, आखूड ओळी जोडणं, मधल्या फटी भरणं यांचे वेगळे पर्याय आहेत. आधी तोडा, मग जोडा, फटी सगळ्यात शेवटी.

कमांडवरून व्हिस्पर चालवत असाल तर ओळीची रुंदी आणि ओळींची संख्या हे दोन्ही पर्याय शब्दागणिक वेळ चालू असेल तरच लागू होतात. ती बंद ठेवून लोक रुंदी टाकतात आणि फरक पडला नाही म्हणून वैतागतात.

माळरान

एक सूचना. फोडणीचा, मिक्सरचा, नुसतं ढवळण्याचा जो भाग असतो, त्यात बोलणं नसताना यंत्र मनाने वाक्यं रचतं. हे मॉडेल ऑडिओ तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतं. तुकड्यात बोलणं नसलं तरी काहीतरी लिहायची त्याला ओढ असते. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओत ढोल वाजत असताना "धन्यवाद" सात वेळा आलं होतं. तो भाग आधीच कापून टाका, किंवा बोलणं ओळखून शांतता गाळायची सोय साधनात असेल तर ती चालू करा. आणि त्या जागी "मोहरी तडतडते" असं कंसात लिहा ना. ऐकू न येणाऱ्याला फोडणी झाली हे तिथूनच कळणार.

कातरवेळ

मोहरीचं माझ्या मनात आलंच नव्हतं, खरंच. बाबा फोडणी कानाने ओळखायचे. पूर्वी बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "अगं, मोहरी जळेल!"

आता काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर होऊ दे. अळूच्या पातळ भाजीचा नवा व्हिडिओ, चौदा मिनिटांचा. शब्दागणिक वेळ चालू. ओळीला ३४ चिन्हं, दोन ओळी. ४२ वरही बघितलं, पण बाबा मोबाइल ओट्यावर हातभर लांब ठेवतात, तिथून अक्षर मोठं लागतं आणि मग ४२ मावत नाहीत. कमीत कमी दीड सेकंद, जास्तीत जास्त ६, मध्ये दोन फ्रेम. सेकंदाला १३ चिन्हांवर गेलं की रंग दाखवायला सांगितलं. एकूण १८६ कॅप्शन आली, त्यातली ४१ रंगली. त्या ४१ वर हात फिरवला, शिवाय "नाही", "नको" शोधून प्रत्येक ठिकाण डोळ्यांखालून घातलं. आई भराभर बोलते तिथे "म्हणजे", "काय करायचं, की" असे शब्द गाळले. गाळताना जिवावर आलं, ती तिची बोलायची ढब आहे. पण बाबांना ती ढब पाठ आहे, त्यांना वेळ हवा होता. सगळं मिळून सव्वा तास लागला.

काल संध्याकाळी बाबांनी तो व्हिडिओ बघत अळू केलं. मी मुद्दाम बाहेर बसले. मध्ये एकदाही व्हिडिओ मागे नेल्याचं दिसलं नाही. चिंच-गूळ नीट पडला. फक्त दाणे अर्धवट शिजलेले होते. विचारलं तर म्हणाले, "शिट्ट्या तीन लिहिल्यात, पण मला शिट्टी ऐकू कुठे येते? ती कधी झाली ते लिही."

तर आता प्रत्येक शिट्टीला एक कॅप्शन टाकते आहे. त्याला दीड सेकंद पुरेल का, माळरान सर? की त्यांची नजर चिरण्याकडे असेल तर जास्त ठेवू?

माळरान

तीन सेकंद ठेवा आणि आकडा लिहा: पहिली शिट्टी, दुसरी शिट्टी. त्या वेळात दुसरं कुठलंही कॅप्शन येऊ देऊ नका.